न कोरलेला दात

दात न कोरण्याची फी घ्यावी का? हा प्रश्न मला धंद्यानं घातला आणि त्याच्यामागे जाता जाता मी गीतेच्या चौथ्या अध्यायापाशी पोचले. मधे क्ष-किरण लागले, मुलाचा लॅपटॉप लागला, न्यायशास्त्रातला धुराचा डोंगरही लागला. रस्ता असा वळणावळणाचा असल्यानं सगळं ओळीनं सांगता येईलच असं नाही.

खामगावात माझा दवाखाना आहे. येणारी माणसं बहुतेक घाटाखालची: नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. घाटावरची मंडळी बुलढाणा नाहीतर चिखली गाठतात. माझं माहेर मेहकरचं, म्हणून तिकडचं कुणी वाट वाकडी करून आलं की मला उगाचच बरं वाटतं. कापूस वेचणीच्या दिवसांत पातुर्ड्याकडची एक बाई दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीच्या वरच्या पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूनं ओढावेत तसे पांढरे पट्टे होते. मी दात पुसले, हवा मारली, पट्टे आणखी उठून दिसले. अणकुचीदार हत्यार मुद्दामच लावलं नाही. फ्लोराइडचं वार्निश लावलं, खाण्यापिण्याची चौकशी केली आणि तीन महिन्यांनी यायला सांगितलं. आईनं पिशवीतून पैसे काढता काढता हात थांबवला.

"काईच केलं नाई तं पैशे कायचे, डॉक्टरबाई? सिमेंट तं भरलंच नाई."

तिचं काही चुकलं नव्हतं. एसटीचं भाडं गेलं, एका दिवसाची मजुरी बुडाली आणि बदल्यात मिळालं काय, तर ब्रशनं फासलेलं काहीतरी पिवळट आणि पुढची तारीख. दात कोरून सिमेंट भरलं असतं तर तिनं जास्त पैसे बिनतक्रार दिले असते आणि गावात चार जणींना माझं नाव सांगितलं असतं. आमच्या धंद्याचं अर्थशास्त्रच असं आहे. हात चालला की पैसा. डोकं चाललं आणि त्यानं हाताला थांब म्हटलं, तर त्याची पावती फाडायची पद्धत नाही.

पण मी खरंच काही केलं नव्हतं का?

इनॅमल ही शरीरातली सगळ्यांत कठीण वस्तू. वजनाच्या सुमारे ९६ टक्के ते खनिजच असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी भरून येते, इनॅमलकडे मात्र भरून काढणारं कुणी उरलेलंच नसतं. यावरून दंतवैद्यकानं बराच काळ एक सरळ निष्कर्ष काढला होता: गेलं ते गेलं, तेव्हा कीड दिसली की कोरा. अमेरिकेतल्या ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांची शिकवण तर याच्याही पुढची होती. किडीच्या शेजारचा निरोगी भागसुद्धा कोरून घ्यावा, म्हणजे पुढे तिथे कीड लागायला जागा राहणार नाही. त्यांचा १९०८चा ग्रंथ कित्येक पिढ्यांचं पाठ्यपुस्तक होता. पाऱ्याच्या मिश्रणाची भरणी टिकायला मोठा खड्डा लागायचा हेही खरं. तरी आज ते वाचताना अंगावर काटा येतो. चांगला दात कोरायचा, का तर तो उद्या वाईट होऊ नये म्हणून!

१९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी दातांवर साचणाऱ्या चिकट थरातलं आम्ल मोजलं. ग्लुकोजच्या पाण्यानं चूळ भरली की काही मिनिटांत पीएच साडेपाचाच्या खाली घसरतो. मग लाळ त्याला अर्ध्या-एक तासात वर आणते. साडेपाच ही ढोबळ सीमारेषा. तिच्याखाली इनॅमलमधून कॅल्शियम-फॉस्फेट बाहेर पडतं, तिच्यावर गेलं की लाळेतलं परत आत बसतं. पेशी नसल्या तरी ये-जा चालू आहे, प्रत्येक चहानंतर, प्रत्येक बिस्किटानंतर. कीड म्हणजे या ये-जामध्ये महिनोन्‌महिने साठत गेलेला तोटा. भोक पडणं ही त्याची फार नंतरची पायरी.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे. आम्ल बाहेरून येतं, पण इनॅमल पोकळ होतं ते वरच्या थराच्या खाली. वरचा वीस-पन्नास मायक्रॉनचा थर बराच काळ जवळजवळ शाबूत राहतो आणि त्याच्या पोटातलं खनिज विरळ होत जातं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ज्यांनी भिंतींना लागलेला लोणा पाहिला आहे त्यांना हे लवकर उमजेल. ओल भिंतीच्या आतले क्षार विरघळवून बाहेर आणते आणि ते पृष्ठभागाशी येऊन बसतात. दातातही आतून विरघळलेलं खनिज बाहेर पडता पडता वरच्या थरात पुन्हा घट्ट होतं. भिंत त्यानं पोपडे धरते, दाताचा वरचा थर मात्र त्यानंच तगून राहतो. शिवाय तिथे फ्लोराइड जास्त असतं, तेही त्याला धरून ठेवतं. म्हणजे हा वरचा थर आपल्याला फसवण्यासाठी अखंड दिसत नसतो. आतून जे निघून चाललं आहे त्याच्याच जिवावर तो उभा असतो. आणि तो उभा आहे तोवर आतलं परत भरण्याची आशा असते. म्हणून मी टोकदार हत्यार लावलं नाही. टोचून तो थर मोडला, तर रोग ओळखता ओळखता मीच भोक पाडलं असं होईल.

हे दिसलं कसं, याची कथा लांबलचक आहे. राँटगेननं १८९५च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि दोन-तीन महिन्यांच्या आत जर्मनीतल्या ओटो वाल्कहोफ यांनी स्वतःच्या दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी ते पंचवीस मिनिटं किरणांसमोर बसून राहिले. आज माझ्या दवाखान्यात तेच काम सेकंदाच्या अंशात होतं. पण साधा एक्स-रे उशिरा बोलतो. एखाद्या जागचं तीस-चाळीस टक्के खनिज गेल्याशिवाय त्यात डाग उठत नाही. त्याच्या अलीकडचं पाहायचं तर दात कापावा लागे. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात शिकताना माझा प्रबंध याच विषयावर होता. तारा बसवण्यासाठी काढलेल्या उपदाढा आणायच्या, काही तास आम्लाच्या द्रावणात, काही तास लाळेसारख्या द्रावणात ठेवायच्या, दिवसाचं तोंड त्यांना काचेच्या भांड्यात दाखवायचं. मग त्यांच्या पातळ चकत्या कापून ध्रुवित प्रकाशात पाहायच्या. पृष्ठभागाची बारीक अखंड रेषा आणि तिच्याखालचा काळपट पट्टा मी तिथे पहिल्यांदा पाहिला. अडचण एकच होती. कापलेला दात उद्या पुन्हा पाहता येत नाही. पाहणं म्हणजेच नष्ट करणं.

१९८२ साली इलियट आणि डोव्हर या दोघांनी लंडनमध्ये ही अडचण सोडवली. त्यांनी एका गोगलगायीचा शंख क्ष-किरणांसमोर फिरवत फिरवत त्याच्या सावल्या घेतल्या आणि गणितानं आतला आकार उभा केला. मोठ्या सीटी स्कॅनचंच तत्त्व, पण मायक्रॉनांच्या मापाचं. त्यालाच आज मायक्रो-सीटी म्हणतात. इलियट यांचा आयुष्यभराचा विषय दाता-हाडांतलं खनिज हाच होता, त्यामुळे शंखानंतर ही पद्धत दातांकडे वळली यात नवल नाही. दात न कापता त्याचे लक्षावधी बारीक घन मिळतात आणि प्रत्येक घनात खनिज किती त्याचा आकडा मिळतो. दात पुन्हा द्रावणात ठेवा, आठवड्यानं पुन्हा पाहा. गेलं किती, आलं किती, कुठून गेलं, सगळं कळतं. फक्त हे यंत्र जिवंत तोंडात जात नाही, आणि गेलं तरी त्याला लागणारे किरण माणसाला देता येणार नाहीत. म्हणजे किडत्या दाताची उत्तमातली उत्तम चित्रं आपल्याकडे आहेत ती कुणाच्याच तोंडात नसलेल्या दातांची.

मधलं अंतर गणितानं भरून काढायचं. माझा मुलगा शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. सुट्टीत त्यानं माझ्यासाठी लॅपटॉपवर एक छोटं प्रारूप बांधलं. अर्धा मिलिमीटर इनॅमल घ्यायचं, त्याच्या पाच-पाच मायक्रॉनच्या शंभर चकत्या कल्पायच्या. प्रत्येक क्षणाला प्रत्येक चकतीत आम्ल किती शिरलं, खनिज किती विरघळलं, कॅल्शियम किती बाहेर सरकलं याचा हिशेब मांडायचा. द्रव्य दाटीकडून विरळाकडे कसं पसरतं याचा नियम फिक यांनी १८५५ साली मांडला, तोच इथे चालतो. त्याला स्टीफनची पीएचची चढउतार जोडायची. नुसतं एवढंच घातलं तर पडद्यावर पृष्ठभागच आधी नाहीसा होतो, कारण आम्ल पहिल्यांदा त्यालाच भेटतं. बाहेर निघालेलं खनिज परत बसू शकतं हे समीकरणात घातलं की मगच तो वरचा थर तगून राहतो आणि त्याच्या पोटात डाग तयार होतो. मला हे फार आवडलं. परत येण्याची वाट गणितात ठेवली नाही, तर खऱ्या दातासारखा दात पडद्यावर उभाच राहत नाही.

त्यात एक अंक "दिवसातून किती वेळा" याचा आहे. साखर एकूण तेवढीच ठेवून वेळा वाढवल्या की डाग खोल जातो. पंढरपूरच्या वाटेवर दिंडीला जागोजागी गोड चहा मिळतो, एकादशीला दिवसभर थोडं थोडं फराळाचं तोंडात चाललेलं असतं. ही भक्ती दाताला कशी लागते, ते या एका अंकातून कळतं. मी कुणाला उपास सोडायला सांगत नाही. एकदाच खा, आणि मग तोंड बंद ठेवा, एवढंच सांगते. खऱ्या उपासाची कल्पनाही काही याहून वेगळी नसावी.

आता मी त्या मुलीच्या दातावर नेमकं पाहिलं काय? पांढरा पट्टा पाहिला, तो झाला प्रत्यक्ष. दात ओला असताना तो फिका होता, हवा मारल्यावर उठला. कारण सच्छिद्र झालेल्या इनॅमलच्या बारीक पोकळ्यांत पाणी होतं, ते जाऊन हवा आली. इनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, पाण्याचा १.३३, हवेचा १. फरक वाढला तसा प्रकाश जास्त विखुरला आणि पांढरेपणा वाढला. त्यावरून आत खनिज विरळ आहे हे मी ठरवलं, ते झालं अनुमान. डोंगरावरच्या न दिसणाऱ्या अग्नीची खात्री न्यायशास्त्र स्वयंपाकघरातून आणतं, कारण तिथे धूर आणि अग्नी एकत्र पाहिलेले असतात. मला ती कापलेल्या दातांतून आणावी लागते. हेतू कधी व्यभिचारी निघतो, म्हणजे खूण दिसते पण तिच्यामागची गोष्ट नसते, हेही नैयायिकांनीच शिकवून ठेवलं आहे. लहानपणी पाण्यातून फ्लोराइड जास्त गेलं तरी दात पांढरट होतात, आणि ते आम्लानं नव्हे. पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर नसावं असं भारतीय मानक सांगतं. तो पांढरेपणा दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखा, आडव्या रेघांचा असतो. आम्लाचा पट्टा मात्र जिथे थर साचतो तिथेच, हिरडीच्या कडेला बसतो. एवढं पाहिल्याशिवाय धूर म्हणून धुक्याकडे बोट दाखवल्यासारखं होईल.

चार्वाकानं दवाखाना काढला असता तर? तो प्रत्यक्षाशिवाय काही मानत नाही. त्याला भोक दिसेपर्यंत रोगच नाही, आणि भोक दिसल्यावर कोरण्याशिवाय गत्यंतर नाही. माझ्यापेक्षा त्याचा गल्ला नक्कीच जास्त भरला असता. थट्टा सोडली तरी एक गोष्ट उरते: न करण्याचा निर्णय घ्यायला करण्यापेक्षा जास्त ज्ञान लागतं. भोक पाहून कोरायला डोळा पुरतो. न कोरता थांबायला, जे दिसत नाही त्याच्यावर आधार असलेला विश्वास लागतो.

इथे मला माझे आजोबा आठवतात. मेहकरला संध्याकाळी ते विनोबांची 'गीता प्रवचने' वाचत, मोठ्यानं, कुणी ऐको न ऐको. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी बोलत आणि साने गुरुजी उतरवून घेत, हे ते दर वेळी नव्यानं सांगत. चौथ्या अध्यायात कर्म, विकर्म आणि अकर्म अशी तीन पदं येतात. शंकराचार्य विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म घेतात. विनोबांनी ते बाहेरच्या कर्माच्या जोडीचं मनाचं काम म्हणून घेतलं. कर्माला ते आतलं काम जोडलं की कर्माचं ओझं उरत नाही, करूनही न केल्यासारखं होतं, तेच अकर्म. आजोबांना हे पुरेसं होतं. झाडलोट करतानाही त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसायचं.

मला ते पुरत नाही. विनोबांशी भांडायची माझी पायरी नव्हे, पण माझी अडचण खरी आहे. विनोबांचं अकर्म करणाऱ्याच्या मनात घडतं. माझ्या खुर्चीतल्या मुलीच्या दाताला माझं मन किती शुद्ध आहे याच्याशी काही कर्तव्य नाही. मी निष्काम भावनेनं थांबले आणि तिनं दिवसातून दहादा गोड खाल्लं, तर आम्ल माझ्या निष्कामतेपाशी अडणार नाही.

मला जास्त कामाचे वाटले ते शंकराचार्यांचे दोन दृष्टान्त. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं उलटी पळताना दिसतात, आणि फार लांबून चालत जाणारा माणूस उभा असल्यासारखा दिसतो. आचार्यांना त्यातून आत्म्याच्या अकर्तेपणाबद्दल सांगायचं आहे. मला त्यात दंतवैद्याच्या दोन चुका दिसतात. पहिली, स्वतःच्या हाताची धावपळ दातावर लादायची: मी कोरलं म्हणजे रोग हटला. दुसरी, लांबून स्थिर दिसतं म्हणून स्थिर समजायचं: पांढरा पट्टाच तर आहे, राहू द्या. त्या पट्ट्याच्या आत दर तासाला ये-जा चालू असते. कोरणं न लागणं वेगळं आणि काहीच न घडणं वेगळं.

न करणं केवढं भयंकर असू शकतं, ते स्वीडनमध्ये घडलं. लुंडजवळच्या विपेहोल्म इथे मतिमंद म्हणून ठेवलेल्या माणसांची एक मोठी संस्था होती. १९४५पासून दहाएक वर्षं तिथे दातांच्या किडीचा अभ्यास चालला. काही गटांना दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफ्या देण्यात आल्या, इतक्या की दात किडावेत. आणि ते किडले. संमती घेतली नव्हती, त्यांना ती देता येण्यासारखीही नव्हती. साखर किती यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट, हे आपल्याला कळलं त्याचा मोठा भाग तिथून आला. मुलाच्या लॅपटॉपवरच्या त्या "वेळा"च्या अंकामागे त्या माणसांचे दात आहेत. त्या संशोधकांना कळत होतं, दिसत होतं, आणि त्यांनी थांबवलं नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तेही शांतपणे निरीक्षण करत होते आणि मीही शांतपणे निरीक्षण करते. मग फरक कशात आहे?

मनोवृत्तीत, असं आजोबा म्हणाले असते. मी म्हणते, थांबायचं कुणासाठी आणि कधीपर्यंत, यात. ते थांबले ते डाग वाढताना मोजण्यासाठी. ज्याचा दात त्याला त्यात काही बोलता येत नव्हतं, आणि आता पुरे म्हणण्याचा दिवस त्याच्या बाजूनं कुणी ठरवला नव्हता. अकर्माला तारीख लागते. तीन महिन्यांनी या, आणि आलात की मी पुन्हा पाहीन, पट्टा चकचकीत झाला तर सोडून देईन, पृष्ठभाग तुटला तर कोरीन. ही तारीख माझ्या रजिस्टरमध्ये नसेल तर माझं न कोरणं निव्वळ टाळाटाळ आहे, गीतेचा कितीही आधार दिला तरी.

आणि इथेच माझं प्रारूप मुकं होतं. त्याला खनिजाचा विद्राव्यपणा ठाऊक आहे, आम्ल किती वेगानं आत शिरतं तेही ठाऊक आहे. ती बाई परत येईल का, हे त्याला ठाऊक नाही. सोयाबीन निघालं की कापूस, कापूस संपला की लग्नसराई. दात दुखत नसताना कोण शंभर कामं सोडून येणार? परत न येणाऱ्याच्या बाबतीत थांबणं बरोबर आहे का? मला वाटतं, नाही. तिथे मी वेगळं वागते. दाढांमध्ये कीड उघडी पडलेली असेल आणि माणूस लांबचा असेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचे थेंब लावते. चांदी जंतूंना मारते, फ्लोराइड खनिजाला धरतं, कोरावं लागत नाही, खर्च थोडा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. किडलेली जागा त्यानं काळी पडते, हा त्याचा एकच दोष. खामगाव चांदीसाठी सगळीकडे नाव असलेलं गाव. इथल्या बायका पैंजण घासून पांढरं ठेवतील, पण दातावर काळी चांदी म्हटलं की नाक मुरडतात. पुढच्या दातांना मीही ते लावत नाही.

"आमच्याकडचं पानीच तसं, दात जाणारच," हे वाक्य मला रोज ऐकू येतं. त्याच्या जोडीला नशीब येतं, मागल्या जन्मीचं पाप येतं. खारपाणपट्ट्यातलं पाणी माणसाचे हाल करतं हे मी नाकारत नाही. पण खारं पाणी दात विरघळवत नाही, त्याला आम्ल लागतं. आमच्याच जिल्ह्यातल्या लोणारच्या सरोवराचं पाणी तर दहाच्या आसपास पीएचचं, म्हणजे आम्लाच्या अगदी दुसऱ्या टोकाचं. त्यात दात बुडवला तर आम्लानं काही तो विरघळणार नाही. (म्हणून कुणी त्याच्या चुळा भरू नयेत.) उलट खाऱ्या पाण्याला कंटाळून लोक जारचं आरओ पाणी घेतात, त्यातून फ्लोराइडही बरंचसं निघून गेलेलं असतं. मग पेस्टमधल्या फ्लोराइडवरच सगळी मदार.

कर्मसिद्धान्ताचं हे रोजचं रूप मला मान्य नाही, कारण त्यात सगळा हिशेब बंद झालेला असतो. दात तसं सांगत नाही. कालच्या आम्लाचा तोटा आज रात्रीची लाळ काही अंशी भरून काढते. मात्र याचीच दुसरी बाजू कठोर आहे. वरचा थर एकदा कोसळला की लाळ, वार्निश, पश्चात्ताप, कशानंच तो भाग पूर्वीसारखा उभा राहत नाही. काही गोष्टी परत येतात, काही येत नाहीत, आणि त्यांच्यामधली रेषा वीस-पन्नास मायक्रॉन जाडीची आहे. सगळं प्रारब्ध म्हणणारे आणि सगळं प्रयत्नावर सोडणारे, दोघेही ती रेषा पाहायला वाकत नाहीत. आणि किडलेल्या दाताचा दोष सरसकट आईच्या पदरात टाकणारे माझ्याच धंद्यातले लोक मला त्या नशीबवाल्यांपेक्षा जास्त खटकतात. पाच रुपयांच्या बिस्किट पुड्याशिवाय शेताच्या बांधावर मुलाला गप्प बसवायला तिच्याकडे काय असतं?

पातुर्ड्याची ती बाई आली, पण तीन महिन्यांनी नाही, वेचणी आटोपून बऱ्याच उशिरा. मुलीच्या दोन दातांवरचे पट्टे निवले होते, हवा मारली तरी चकाकत होते. तिसऱ्या दातावरचा पृष्ठभाग कडेला खचला होता. तिथे मी कोरलं आणि भरलं. आईनं त्या भरण्याचे पैसे लगेच दिले. उरलेल्या दोन दातांबद्दल मी काही मागितलं नाही, आणि ते मी बरोबर केलं असं मला आजही वाटत नाही. न कोरलेल्या दातांवर माझं शिक्षण, नागपूरच्या त्या चकत्या, लंडनमधला शंख, विपेहोल्मची माणसं, एवढं सगळं खर्ची पडलं होतं. कोरलेल्या दाताला फक्त वीज आणि सिमेंट लागलं.

आता मी तपासणीची फी वेगळी घेते आणि तसा फलक लावला आहे. पावतीवर लिहिते: पाहिलं, वार्निश लावलं, कोरलं नाही, अमुक तारखेला पुन्हा पाहायचं. काही जण कुरकुरतात, काही जण दुसरीकडे जाऊन तोच दात कोरून घेतात. जे वाचत आहेत त्यांना एवढंच सांगते: तुमच्या मुलाच्या दाताकडे पाहून डॉक्टर "आत्ता काही करत नाही" म्हणाले, तर कारण विचारा, पुढची तारीख लिहून मागा, आणि त्या तारखेला दुखत नसलं तरी जा. तारीख द्यायला ते तयार नसतील, तर मात्र पैसे देऊ नका.